अर्पणपत्रिकेचं पान

पुस्तक अर्पण करून घेणं तब्येतीला अपायकारक असतं, हे आमच्याकडे लोकांच्या लक्षात आलं ते धुकेकरांच्या पाचव्या कादंबरीनंतर. तोवर पाच माणसं हातची गेली होती.

धुकेकर हे त्यांचं आडनाव नव्हे. त्यांची प्रत्येक कादंबरी पहिल्याच वाक्यात धुक्यात शिरते, म्हणून आम्ही मित्रांनी ते नाव पाडलं आणि पुढे पोस्टमनही त्याच नावानं हाक मारायला लागला. माणूस अगदी साधा. वजनमापं तपासणाऱ्या कचेरीत अठ्ठावीस वर्षं नोकरी केली. दिवसभर दुकानोदुकानी तराजू तपासायचे, शिक्के मारायचे आणि उरलेल्या वेळात कचेरीच्याच रद्द झालेल्या फॉर्मांच्या पाठीवर राज्यं उभी करायची. त्यांच्या ‘बिनसावलीच्या देशा’चे अकरा खंड निघाले. त्या देशात घरात शिरताना लोक आपली सावली दाराबाहेर काढून ठेवतात, चपलेसारखी. निघताना कुणीतरी घाईत भलत्याचीच सावली घालून जातं आणि मग युद्धं होतात, राण्या बदलतात, एका सावलीत तीन-तीन चोर राहायला येतात. वाचकांनी हे सगळं डोक्यावर घेतलं. ज्यांना स्वतःच्या गल्लीतलं पोस्ट सापडत नव्हतं, त्यांना त्या देशातल्या नद्या पाठ होत्या.

पहिला खंड त्यांनी काकांना अर्पण केला, कारण नोकरी काकांनी लावून दिली होती. सातव्या महिन्यात काका गेले. वय अठ्ठ्याहत्तर. कुणाला काही वाटलं नाही. दुसरा खंड शाळेच्या मुख्याध्यापकांना, तिसरा म्हाताऱ्या प्रकाशकांना, चौथा दातांच्या डॉक्टरांना, कारण त्यांच्या खुर्चीत आ वासून पडल्या पडल्या धुकेकरांना एक अख्खं प्रकरण सुचलं होतं. सगळे वर्षाच्या आत. सत्तरी ओलांडलेल्या माणसाला तुम्ही काहीही दिलंत तरी ही जोखीम असतेच, असं आम्ही एकमेकांना सांगत होतो. पाचवा खंड मात्र एका समीक्षकाला अर्पण झाला. हा त्रेपन्न वर्षांचा, रोज तासभर पोहणारा माणूस. तो पोहतानाच गेला. त्यानंतर दोन-तीन लेखकांनी धुकेकरांना बाजूला घेऊन विचारलं, की सहाव्या खंडासाठी आणखी एखादा समीक्षक सुचवला तर चालेल का.

धुकेकरांना हसू आलं नाही. सहाव्यापासून ते अशीच माणसं निवडू लागले ज्यांच्याबाबतीत डॉक्टरांनी हात टेकले होते. त्यातल्या एक बाई मधेच बऱ्या होऊन घरी आल्या, बागेत खुरपं घेऊन काम करू लागल्या. पुस्तक छापून आलं आणि पंधरवड्यात त्यांचं खुरपं वाफ्यात तसंच उभं राहिलं.

सातव्या खंडाच्या सुमाराला ती माणसं घरी यायला लागली.

हे त्यांनी मला सांगितलं ते एका बाकावर बसून, हवापाण्याच्या गप्पा माराव्यात तशा आवाजात. दुपारी तीन ते चार ही त्यांची लिहिण्याची वेळ. खोली लहान. एक टेबल, भिंतीला लागून मांडलेल्या खुर्च्या आणि रस्त्याकडची खिडकी. स्वच्छ उजेड असतो. आधी पान उलटल्याचा आवाज येतो आणि धुकेकर मान वर करतात तो समोर काका बसलेले. अंगात तोच तपकिरी स्वेटर. मांडीवर पहिला खंड, अर्पणपत्रिकेच्या पानावर उघडलेला. दुसऱ्या आठवड्यात मुख्याध्यापक आले. मग प्रकाशक. खुर्च्या संपल्या तेव्हा दातांचे डॉक्टर खिडकीच्या कट्ट्यावर टेकले. समीक्षकाच्या केसांतून पाणी गळत असतं, फरशी मात्र ओली होत नाही.

“बोलतात काही?” मी विचारलं.

“नाही. पुस्तक पुढे करतात.”

“मग?”

“मग काय, सही करून दिली.”

मी त्यांच्याकडे बघितलं. ते गंभीर होते. वर्षानुवर्षं ज्याच्यासमोर लोक उघडं पुस्तक धरत आले, त्याच्यापुढे एखाद्या मेलेल्या माणसानं तेच केलं तर त्याचा हात खिशातल्या पेनाकडेच जाणार. त्यांनी काकांना ‘सप्रेम’ लिहून दिलं, मुख्याध्यापकांना ‘सादर’. समीक्षकाला तारीखसुद्धा घातली. दुसऱ्या दिवशी तीन वाजता सगळे पुन्हा हजर. पुस्तकं पुन्हा पुढे केलेली. सही कुठे नाही, पान पहिल्यासारखंच.

“आणि एक सांगू?” धुकेकर म्हणाले. “एकानंही पुढचं पान उलटलेलं नाही. चांगला वेळ आहे आता त्यांच्याकडे. पण नाही.”

त्यांनी हे चेष्टेनं म्हटलं असेल असं मला वाटलं होतं. पण ते बाकाच्या कडेला सरकून बसले होते आणि उरलेली जागा त्यांनी रिकामी ठेवली होती.

*

बारावा खंड शेवटचा. हस्तलिखित गेलं आणि प्रकाशनाच्या संपादकबाईंचा फोन आला की अर्पणपत्रिका तेवढी राहिली. ही बातमी गावात कशी पसरली कोण जाणे. भाच्यानं आपण होऊन फोन केला. म्हणाला, “मामा, तुमचं माझ्यावर प्रेम आहे हे मला माहीत आहे. ते छापू नका. माझी पोरं लहान आहेत.” मी स्वतः त्या आठवड्यात जरा बाहेरगावी गेलो होतो. काम काही नव्हतं.

राहिली ताई.

ताई म्हणजे धुकेकरांची थोरली बहीण. नऊ वर्षांनी मोठी. आता एक्याऐंशीची. कोपऱ्यावर तिचं कपडे दुरुस्त करायचं दुकान आहे. विजारी आखूड करणं, चेन बदलणं, बाह्या सैल करणं, असली कामं. नवीन ती काही शिवत नाही. मागच्या दांडीवर लोकांनी न्यायचे विसरलेले कपडे टांगलेले असतात, प्रत्येकाला टाचणीनं चिठ्ठी लावलेली. ती ते विकत नाही की कुणाला देत नाही. “ज्याचं त्याचं,” एवढंच म्हणते.

प्रत्येक खंड निघाला की धुकेकर पहिली प्रत तिला नेऊन द्यायचे. ती हात पुसून पुस्तक घ्यायची, अर्पणपत्रिका वाचायची आणि म्हणायची, “काकांना. बरं.” पुढच्या वेळी, “मुख्याध्यापकांना. बरं.” असे अकरा वेळा ‘बरं’ झाले. मग ती सबंध पुस्तक वाचायची, अक्षर न् अक्षर. त्याबद्दल मात्र काही बोलायची नाही.

फोन आल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी धुकेकर दुकानात गेले, तेव्हा ती कुणाच्या तरी विजारीला खालून तुरपाई करत होती.

“संपलं म्हणे,” ती म्हणाली.

“संपलं.”

“मग यंदा कुणाला मारतोयस?”

“ताई, चेष्टा नको.”

“मी कुठं करतेय. परवा इस्त्रीवाला सांगत होता, तुमचे भाऊ दिसले की मी शटर ओढून घेतो. म्हणे चांगलं बोलायला आले तर काय करू.”

“या वेळी पान कोरं ठेवणार आहे.”

“का? मी मेले काय?”

रस्त्यावरून एक सायकल गेली. ताईनं दोरा दातांनी तोडला.

“तुला नाही करणार,” धुकेकर म्हणाले. “तू बघितलंस ना बाकीच्यांचं. तुला त्यातून वाचवायचं म्हणून तर इतकी वर्षं मी...”

“पहिल्या पुस्तकाच्या वेळी कोण मेलं होतं?”

धुकेकरांनी मशीनवरचा मापाचा टेप हातात घेतला.

“पहिलं आलं तेव्हा काका जिने चढत होते. कुणाला काही झालेलं नव्हतं. तेव्हा मला कशापासून वाचवत होतास, लहान्या?”

लहान्या बहात्तर वर्षांचा होता. तो टेपचं टोक बोटाला गुंडाळत आणि सोडवत उभा राहिला.

“लोकांनी विचारलं असतं, ताईलाच का म्हणून.”

“मग?”

“मग सांगावं लागलं असतं.”

हे काय सांगावं लागलं असतं, ते इतकी वर्षं फक्त या दोघांना ठाऊक होतं. त्यांची आई इस्पितळाच्या धुलाईघरात पाळीवर काम करायची. ती कामावर गेली की चार वर्षांच्या भावाला भरवायचं, झोपवायचं काम तेरा वर्षांच्या ताईचं. त्या खोलीत दाराच्या मागे एक कोट होता, आधीचा भाडेकरू विसरून गेलेला. त्याची सावली भिंतीवर पडली की हा पोरगा घास गिळायचा नाही. ताईनं त्याला सांगितलं, “अरे, ती कोटाची नाहीच. एक देश आहे. तिथली माणसं घरात शिरताना सावली काढून ठेवतात. त्यातलाच एक जण घालायला विसरला. येईल न्यायला.” घास गिळला गेला. दुसऱ्या घासाला राजा आला, तिसऱ्याला राणी. सहा वर्षं रोज. नद्या तिच्या, चोर तिचे, शेवटचं युद्धसुद्धा तिचंच. कारण तोवर ताईचं लग्न ठरलं होतं आणि तिला ते आटपायचं होतं.

“रेडिओवर तुला विचारलं होतं त्या माणसानं,” ताई म्हणाली, “की या कल्पना सुचतात कुठून. मी इथंच मशीनवर होते. तू म्हणालास, धुक्यातून. माझं नाव धुकं कधी ठेवलंस रे?”

तेव्हा धुकेकर पुढ्यातल्या स्टुलावर बसले आणि त्यांनी तिला सगळं सांगितलं. तीन वाजताचं. खुर्च्यांचं. समीक्षकाच्या केसांचं. माणसं मरतात ती मरतात आणि वर येऊन बसतात, आणि तिला त्या रांगेत बसलेलं बघायची आपली छाती नाही, हेही सांगितलं. ऐकून झाल्यावर ताईनं भलताच प्रश्न केला.

“पुस्तक कसं धरतात?”

“कसं म्हणजे? उघडून. पुढे.”

“एका हातानं का दोन्ही?”

“दोन्ही.”

“आणि कोपरं?”

धुकेकरांनी डोळे मिटून बघितलं. “ताठ.”

ताईनं सुई उशीत खोचली. “शिवायला टाकायला आलेलं माणूस कपडा छातीशी धरून येतं. त्याचा असतो तो. पण चुकून दुसऱ्याचा घरी नेला आणि परत द्यायला आला, की असा धरतो.” तिनं ती विजार दोन्ही हातांत घेऊन लांब धरली, अंगाला लागणार नाही अशी. “साठ वर्षं बघतेय. ते सही मागायला येत नाहीत, वेड्या. परत करायला येतात.”

“मला?”

“तुला कसं? तुझं कुठंय ते?”

मशीनच्या पट्ट्याला कुणी हात लावला नव्हता, तरी तो किंचित हलला. किंवा धुकेकरांना तसं वाटलं. मला सांगताना ते ‘वाटलं’ म्हणाले.

“ज्याचं नाही त्याच्या गळ्यात घातलंस,” ताई म्हणाली. “दुसऱ्याचा कपडा अंगावर घेऊन माणूस जाणार कुठं? अडकून बसणारच. लिही, कागद घे. ‘ताईस’.”

त्यांनी फॉर्मच्या पाठीवर लिहिलं, ‘ताईस’. आणि सवयीनं पुढे, ‘अर्पण’.

“अर्पण खोड. अर्पण स्वतःच्या घरातलं करतात. ‘परत’ लिही.”

“आणि तुला काही झालं तर?”

“एक्याऐंशीव्या वर्षी काही व्हायला निमित्त लागत नाही. पण हे माझ्याकडे न येता मी गेले ना, तर मीही येऊन बसेन तीन वाजता. आणि माझ्या हातात तर पुस्तकही नसेल.”

धुकेकरांनी ‘परत’ लिहिलं. अक्षर इतकं वाकडं आलं की ते त्यांना दुसऱ्यांदा लिहावं लागलं.

*

चार दिवसांनी संपादकबाईंचा फोन आला. बाई कामाला चोख.

“सर, अर्पणपत्रिकेत काहीतरी गाळलं गेलंय. ‘ताईस परत’ एवढंच आलंय. ‘ताईस परत एकदा अर्पण’ असं हवंय का?”

“नाही.”

“कारण आधी केलेलं दिसत नाही त्यांना. मग ‘परत’ काढून नुसतं ‘अर्पण’ ठेवू? की पानच गाळू? आज छपाईला जातंय, आत्ता सांगितलंत तरी चालेल.”

दुपारचे तीन वाजून गेले होते. अकरा जण समोर बसलेले. धुकेकर मला म्हणाले, त्या क्षणी पान गाळा म्हणायला तोंड उघडलं होतं. एक शब्द बोलले असते तर ताई निदान पुढच्या वर्षी दुकानात दिसली असती. ते असं म्हणणारच होते, तेवढ्यात काकांनी पुस्तक थोडं खाली घेतलं. हात भरून आल्यासारखं. इतकी वर्षं धरलं होतं ते.

“आहे तसं छापा,” धुकेकर म्हणाले.

“वाचकांना कळणार नाही, सर.”

“कळावं म्हणूनच छापतोय.” आणि मग त्यांनी बाईंना कोट, घास आणि धुलाईघर सगळं सांगितलं. बाईंनी ते प्रस्तावनेत घातलं. त्यावर वर्तमानपत्रांत काय झालं ते तुम्ही वाचलंच असेल. धुकेकरांच्या घरासमोर दोन तरुण त्यांचे जुने खंड परत ठेवून गेले, चिठ्ठीसकट.

पुस्तक आलं त्या दिवशी ते पहिली प्रत घेऊन दुकानात गेले. ताईनं हात पुसले, पान वाचलं आणि या वेळी ‘बरं’ म्हणाली नाही. पुस्तक छातीशी धरलं आणि आत नेऊन ठेवलं.

तीन वाजता खोलीत पान उलटल्याचा आवाज झाला नाही. मिटल्याचा झाला. काकांनी पुस्तक मिटलं, टेबलावर ठेवलं, स्वेटर खाली ओढला आणि दाराकडे गेले. मग मुख्याध्यापक. मग बाकीचे, एकेक करून, दवाखान्यात नंबर लागल्यावर उठावं तसे. समीक्षक शेवटी उठला. धुकेकरांनी टेबलावर हात फिरवला तर तिथे काही नव्हतं.

धुकेकरांना वाटलं, सुटलो.

पुढचे तीन आठवडे ते रोज सकाळी दुकानापर्यंत जायचे, काचेतून ताई दिसली की परत फिरायचे. ताई रोज दिसायची. मग घरी येऊन तीनला टेबलाशी बसायचे. समोर रिकाम्या खुर्च्या. कागदावर काही उतरायचं नाही. आधी वाटलं, थकवा असेल. मग एका बाईंनी रस्त्यात थांबवून विचारलं, राजधानीतून निघणारी ती दुसरी नदी कुठली हो, आणि यांना राजधानी आठवेना. घरी येऊन त्यांनी आपलेच खंड काढून बघितले. अक्षरं कळत होती. पण दुसऱ्याच्या घरात दिवा लागलेला बाहेरून दिसावा, तेवढीच. ‘परत’ लिहिलं होतं आणि ते पुरतं परत गेलं होतं. मला ते म्हणाले, “ती माणसं बसलेली असायची ना, तेव्हा खोलीत निदान कुणीतरी असायचं.”

अखेर एका दुपारी ते ताईच्या दुकानामागच्या खोलीत गेले. त्या दिवशी मीही बरोबर होतो, म्हणून पुढचं मी पाहिलेलं आहे. ताई खाटेवर बसून कशाला तरी काज करत होती. प्रकृती उत्तम. आम्हाला बघून तिनं मान हलवली.

धुकेकर स्टुलाकडे वळले.

“तिथं नको,” ताई म्हणाली. “काका आहेत.”

धुकेकर थबकले. मला तिथे रिकामं स्टूल दिसत होतं. त्यांना काय दिसत होतं ते त्यांनी नंतरही सांगितलं नाही, पण ते स्टुलाला वळसा घालून गेले आणि तसं करताना खांदा आखडून घेतला, बसलेल्या माणसाला धक्का लागू नये म्हणून.

“हे इथं कशाला, ताई? यांची तर सुटका झाली ना?”

“झाली की. जायचेच होते. मी म्हटलं, इतकी वर्षं हातात घेऊन बसलात, आत काय आहे ते तरी ऐकून जा.” तिनं दोरा ओवला. “मधे थांबलेय मी. दुसरी राणी सावली शोधायला निघालीय. तू लिहिलंयस ते सगळं चुकीचं आहे तिथलं. मी तसं सांगितलंच नव्हतं.”

“मग कसं होतं?”

विचारताना त्यांचा आवाज फार लहान झाला होता. ताईनं त्यांच्याकडे बघितलं. मी तिला बरीच वर्षं ओळखतो. ती विचार करत होती, की द्यावं का.

“खाली बस. दाराशी जागा आहे,” ती म्हणाली.

धुकेकर फरशीवर बसले, गुडघे जवळ घेऊन. मला बसायला कुणी सांगितलं नाही, आणि कुठे बसावं हे मला कळेना, म्हणून मी उभाच राहिलो. खोलीत माणसं असतात तेव्हा असते तशी ऊब होती. ताईनं सुरुवात करायला तोंड उघडलं आणि थांबली.

“लहान्या. खिशातला हात बाहेर काढ.”

त्यांनी काढला. हातात पेन होतं.

“ते बाहेर ठेवून ये,” ताई म्हणाली. “मग सांगते.”